मोठ्या बाईंची करंगळी

माझ्या सासूबाईंना फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरी त्यांनी जन्मभर फ्रेंच टाईप केलं.

आमची कचेरी भाषांतराची होती. परदेशी जाणाऱ्यांचे दाखले, कंपन्यांचे करार, यंत्रांबरोबर द्यायच्या माहितीपुस्तिका असलं काम. आतल्या खोलीत मास्तर बसायचे. ते पूर्वी शाळेत भाषा शिकवत, म्हणून मास्तर. ते शाईच्या पेनाने भाषांतर लिहायचे आणि बाहेर खिडकीजवळ सासूबाई ते टाईप करायच्या. कचेरीत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. लग्नानंतर मी घरात नुसती बसलेली त्यांना पाहवेना, म्हणून त्यांनीच मला तिथे फायली लावायला नेलं. मग मी आपोआप धाकट्या बाई झाले.

फ्रेंचच्या अक्षरांना डोक्यावर, बुडाशी काही ना काही लागलेलं असतं. सासूबाईंनी त्या चिन्हांची आपली नावं ठेवली होती. उजवीकडे वर जाणारी ती चढती काडी, खाली येणारी ती उतरती काडी. मग टोपी, दोन ठिपके, आणि ‘सी’च्या खाली लोंबणारी शेपटी. मास्तर एकदा म्हणाले, “बाई, त्यांना चांगली नावं आहेत हो.”

“असतील,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या टेबलावर आली की ती माझ्या नावानंच राहतात.”

त्यांचा टाईपरायटर साधा इंग्रजी होता. कुण्या कारागिराने फारशी न लागणारी चार-पाच बटणं बदलून त्यांवर ही चिन्हं बसवून दिली होती. आधी अक्षर मारायचं, मग गाडा एक घर मागे घ्यायचा, आणि त्याच अक्षराच्या डोक्यावर काडी मारायची. टक, खट, टिक. मधला ‘खट’ म्हणजे मागे घेण्याचं बटण. ते उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात होतं आणि ते करंगळीचं काम. वर्षानुवर्षं तिथवर ताणून ताणून त्यांची करंगळी बाहेरच्या बाजूला थोडी कलली होती. चहाचा कप धरला तरी ती वेगळी उभी राहायची. आमचे हे म्हणत, “आईची करंगळी सदा कचेरीत असते.”

पायऱ्या चढत असतानाच तो आवाज यायचा. टक-खट-टिक, टक-टक-टक, टक-खट-टिक. आता माझी नात फोनवर फ्रेंच शिकते. अक्षरावर बोट दाबून धरते आणि त्याच्या डोक्यावरची सगळी चिन्हं ओळीने समोर येऊन उभी राहतात, हवं ते घे म्हणून. आवाज मुळीच नाही. मी बघत बसते. पण मला सांगायचं आहे ते टाईपरायटर गेला आणि फोन अजून यायचा होता, त्या मधल्या काळातलं.

कचेरीत कॉम्प्युटर आला तो एका पंपाच्या कंपनीमुळे. त्यांच्या पुस्तिका परदेशात जायच्या होत्या आणि त्यांना कागद नको, फ्लॉपी हवी होती. काम मोठं होतं, दरसाल येणारं. कचेरीच्या साहेबांनी यंत्र आणवलं, आणि त्यातल्या त्यात मी तरुण म्हणून मला क्लासला धाडलं. तिथे मला कळलं की काडीचं अक्षर काढायला डाव्या अंगठ्याने ऑल्टचं बटण दाबून धरायचं, उजव्या हाताने पलीकडच्या आकड्यांच्या चौकोनात नंबर मारायचा, आणि मग ऑल्ट सोडायचं. सोडेपर्यंत पडद्यावर काही नाही. सोडलं की अक्षर आणि चिन्ह दोन्ही एकदम उमटतात. प्रत्येकाचा नंबर निराळा.

सासूबाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्यात काय एवढं. बघू.” यंत्रासमोर बसल्या, मास्तरांचा कागद डावीकडे ठेवला आणि पडद्याकडे न बघता एक अख्खा परिच्छेद धडाधड मारला. हात जुन्याच रीतीने चालले होते, त्या नंबरबिंबर विसरूनच गेल्या होत्या. मान वर केली तेव्हा समोर कसर लागलेल्या लोकरीसारखा मजकूर. जिथे जिथे काडी हवी होती तिथलं अक्षरच गायब, आणि त्याच्या जागी कसलंतरी भलतंच चिन्ह.

“यंत्र खराब आहे,” त्या म्हणाल्या.

यंत्र खराब नव्हतं. टाईपरायटरवर मागे गेलं की अक्षर जागेवर राहतं. कॉम्प्युटरवर मागे गेलं की ते पुसलं जातं. आणि दुर्दैव असं, की दोन्हीकडे ते बटण त्याच कोपऱ्यात.

पुढे त्यांनी नंबर मारायचे हे ध्यानात ठेवलं, तरी भानगड संपेना. आकड्यांचा चौकोन अगदी उजव्या टोकाला. तिथून हात परत येताना वाटेत ते मागे जाण्याचं बटण, बॅकस्पेस, लागतं. काडीचं अक्षर उमटलं की करंगळीला वाटायचं, आता आपली पाळी. ती जाता जाता ‘खट’ करायची आणि नुकतंच आलेलं अक्षर नाहीसं व्हायचं. सासूबाईंना ते कळायचंही नाही. कंपनीला पाठवलेली पहिली पानं परत आली. अर्ध्या शब्दांना भोकं होती.

साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना कडू बोलायची वेळ आली की ते टेबलावरची टाचणी उचलून तिच्याशी बोलत.

“मोठ्या बाई, कंपनीच्या बाई पुढच्या आठवड्यात स्वतः येणार आहेत. त्यांना डोळ्यांनी बघायचंय. एक पान, त्यांच्यासमोर. त्या जेवायला जायच्या आत पुरं झालं पाहिजे आणि एक अक्षर गळता कामा नये. जमलं, तर कॉम्प्युटरची खुर्ची तुमची.”

“आणि नाही जमलं तर?”

साहेब टाचणीला म्हणाले, “टाईपरायटर तर मोडीत काढायचाच आहे.”

“मग मलाही त्याच हातगाडीवर घाला.”

“तसं कसं हो बाई! रीतसर निरोप देऊ. हार, भाषण, सगळं.”

“हार नको. मला मानेला खाज येते,” सासूबाई म्हणाल्या.

खुर्ची एकच होती. फायलींचं कामही त्याच यंत्रात जाणार होतं, म्हणजे दुसऱ्या बाईची गरजच उरणार नव्हती. सासूबाई नापास झाल्या तर तिथे कोण बसणार, हे साहेबांनी सांगितलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनीही बघितलं.

मला ती खुर्ची हवी होती. हे सांगायची मला तेव्हा लाज नव्हती, आताही नाही. ते यंत्र मला आवडायचं, त्याचा हिरवा पडदा आवडायचा, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला असं काही येत होतं जे घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

त्या दिवसापासून सासूबाई मला ‘अहो’ म्हणायला लागल्या. एरवी ‘अगं’, ‘ए’, फारच झालं तर ‘महाराणी’. आता जेवताना, “सूनबाई, जरा मीठ देता का? का त्यालाही नंबर दाबावा लागतो?”

हे आमच्या दोघींच्या मधोमध बसलेले. म्हणाले, “घरात दोन-दोन टायपिस्ट, आणि मला साधी एक चिठ्ठी कुणी लिहीत नाही.”

“तू गप्प जेव,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या चिठ्ठीत काड्या नसतात.”

मला वाटलं, त्या माझ्याकडून शिकायच्या नाहीत. तुटतील, पण वाकणार नाहीत. दोन दिवस तसेच गेले. मग एका सकाळी मी भाजी चिरत होते, तर बुटांच्या खोक्याचं झाकण माझ्यासमोर आदळलं.

“त्या यंत्राची बटणं यावर काढून द्या. जशीच्या तशी. अंतरं चुकवू नका.”

मी पट्टीने रेघा मारून सगळी बटणं काढली. ऑल्ट, आकड्यांचा चौकोन, वरच्या कोपऱ्यातलं बॅकस्पेस. त्यासाठी त्या दिवशी कचेरीत सुटीच्या वेळात पट्टीने मापं घेऊन आले होते मी. सासूबाईंनी झाकण टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला आणि त्या नंबर विचारायला लागल्या. पाठ करायची त्यांची रीत एकच, पाढ्यासारखी. झाकणावर बोटं आपटत त्या चालीवर म्हणायच्या, “एकशे तीस चढती, एकशे अडतीस उतरती, एकशे छत्तीस टोपी, एकशे पस्तीस शेपटी...” घर त्या पाढ्याने भरून गेलं. कपडे वाळत घालताना तो, कुलूप लावताना तो. एकदा हे दाढी करत होते आणि आतून आवाज आला, “एकशे तेहतीस, ‘ए’ची उतरती, आई गं!” गाल कापला होता.

नंबर त्यांना चटकन आले. माझ्याहून चटकन, कारण मी अजूनही कचेरीच्या भिंतीवर लावलेल्या नंबरांच्या तक्त्याकडे बघत असे. पण मी समोर बसून त्यांचा हात न्याहाळत होते. प्रत्येक नंबरानंतर हात परत यायचा, आणि वाटेत करंगळी त्या कोपऱ्यातल्या चौकटीवर हलकेच टेकून यायची.

“आई, बोट मागे जातंय.”

“जाऊ दे की. परत येतंय ना?”

“तिथे अक्षर पुसलं जाईल.”

“इथे कुठे काय पुसलं गेलं?”

खोक्याच्या झाकणावर काय पुसणार! तिथे त्यांचं प्रत्येक पान निर्दोष होतं. मला कळेना की यांना कसं पटवावं. शेवटी त्यांनी स्वतःच डोळे मिटून एक ओळ मारली, बोट कुठे कुठे लागतं ते नुसतं अनुभवलं, आणि काड्यापेटीची खरखरीत बाजू फाडून त्या कोपऱ्यात चिकटवली. “लागलं की कळेल मेलीला,” त्या करंगळीला उद्देशून म्हणाल्या.

करंगळीचं टोक लाल झालं, मग खरबरीत झालं. ती यायची ती येतच राहिली.

कचेरीत मधल्या सुटीत, साहेब बाहेर गेले की, आम्ही खऱ्या यंत्रावर बसायचो. सावकाश मारलं की सगळं ठीक. त्या मनात म्हणायच्या, “नंबर, सोड, हात उचल, घरी ये,” आणि हात उंचावरून, बॅकस्पेसला वळसा घालून यायचा. पण वेग धरला की संपलं. सावकाश चालला तर एक पान जेवणाच्या वेळेआधी होणार नव्हतं, आणि वेगाने चालला तर हात जुनं तेच करायचा. मास्तर दारातून बघायचे आणि चुकचुकून आत जायचे. ते चुकचुकणं सासूबाईंना बोटापेक्षा जास्त झोंबायचं.

ज्या सकाळी कंपनीच्या बाई यायच्या होत्या, त्या सकाळी आम्ही दोघी लवकर पोचलो. सासूबाईंनी यंत्राला हात लावला नाही. टाईपरायटरवरचं झाकण काढलं, फडक्याने गाडा पुसला, झाकण परत घातलं. मग खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, “नवरा गेला तेव्हा हा पोरगा शाळेत होता. लोक भेटायला यायचे, रडायचे, आणि मला वाटायचं, कधी एकदा हे जातात आणि मी कचेरीत येते. इथे आलं की कागद समोर असायचा. तो संपला की दुसरा.” फडक्याची घडी घालत म्हणाल्या, “मला घरात बसता येत नाही हो. येतच नाही. तुम्हाला वाटेल, म्हातारी हट्ट करते.”

“मला तसं वाटत नाही,” मी म्हटलं.

“मग काय वाटतं?”

“मला ती खुर्ची हवी आहे असं वाटतं.”

त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता फटकारतील. त्या म्हणाल्या, “मग नीट बघा आज. माझ्या चुका बघून शिकाल.”

कंपनीच्या बाई उंच, कोरडं बोलणाऱ्या, हातात पेन. त्यांना फ्रेंच येत होतं. त्यांनी आपल्या बॅगेतून एक कागद काढला, पंप बसवण्याच्या फ्रेंच सूचनांचा, मास्तरांनी कधी न पाहिलेला. भिंतीवरच्या घड्याळाकडे एक नजर टाकून त्या म्हणाल्या, “मी जेवायला जाईपर्यंत.” साहेब त्यांच्या एका बाजूला, मास्तर दुसऱ्या बाजूला, आणि मी कपाटाला टेकून.

सासूबाईंनी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि सुरुवात केली.

पहिल्या ओळी चांगल्या गेल्या. हात उचलून, वळसा घालून येत होता. पण ते चालणं म्हणजे काचा पसरलेल्या खोलीतलं चालणं. मध्येच कंपनीच्या बाईंनी पेनाचं टोक आत-बाहेर केलं, टिक टिक. सासूबाईंनी ते ऐकलं. वेग वाढला. मी पडद्याकडे बघत होते. एक चढती काडी उमटली आणि विझली. सासूबाईंनी ते पाहिलं, परत नंबर मारला, अक्षर आलं, आणि परत गेलं. तिसऱ्यांदा आलं, ते राहिलं. पुढच्या शब्दात पुन्हा तेच. एकदा तर करंगळीने सलग दोनदा ठोकलं, आणि काडीबरोबर शेजारचं अक्षरही गेलं.

त्यांच्या मानेवर घाम दिसायला लागला. पान अर्धंही झालं नव्हतं.

“मोठ्या बाई,” साहेब हळूच म्हणाले, “थांबू या का?”

“थांबायला मी काय बस आहे?”

त्यांनी आणखी एक ओळ मारली, ती निम्मी पुसली गेली. मग त्यांनी हात मांडीवर घेतले. मला वाटलं, संपलं. मला आनंद झाला होता की भीती वाटली होती, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

“अगं, इकडे ये,” सासूबाई म्हणाल्या. मान न वळवता.

मी गेले.

“तुझा हात इथे ठेव. या बटणावर. पण दाबायचं नाही.”

साहेब पुढे आले. “बाई, असं मदत घेऊन कसं चालेल? परीक्षा तुमची आहे.”

“ती काही करणार नाहीये. काही न करणं, एवढंच तिचं काम.”

साहेबांनी कंपनीच्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. “अक्षरं त्यांनीच मारली पाहिजेत,” त्या म्हणाल्या.

मी खुर्चीच्या उजव्या बाजूला वाकले. बोटांची टोकं यंत्राच्या वरच्या कडेवर रोवली, मनगट बाजूच्या टेबलावर टेकवलं आणि पंजाची कमान केली. तळहाताखाली बॅकस्पेस. मध्ये फक्त एक बोटभर पोकळी. हात खचला असता तर बटण माझ्याच हाताने दाबलं गेलं असतं. आणि मग कुणाला काय सांगणार होते मी? खुर्ची कुणाला मिळणार होती हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

सासूबाईंनी नंबर मारला, ऑल्ट सोडलं, काडी उमटली, आणि त्यांची करंगळी येऊन माझ्या हाताच्या पाठीवर आदळली.

मला कल्पना नव्हती की त्या इतक्या जोराने मारतात. ते हाडाचं बोट, आणि त्यामागे सगळ्या वर्षांची सवय. अक्षर जागेवर राहिलं. पुढचं अक्षर, पुढची काडी, पुन्हा ठोका. त्याच जागी, मधल्या बोटाच्या मुळाशी. त्यांनी वेग धरला. आता त्यांना घाबरायचं कारण नव्हतं, हाताला जे करायचं ते करू दे. पडद्यावर ओळ भरत गेली. टोपी, ठोका. उतरती, ठोका. शेपटी, ठोका. मी दात आवळले होते. ‘काडी’ दिसली की मार येणार हे आधीच कळायचं, आणि मास्तरांच्या तोंडून नेहमी ऐकलेलं ते, की फ्रेंचमध्ये काड्या फार, त्या दिवशी मला पटलं.

पाऊण पानाशी माझा दंड थरथरायला लागला. मी मनगट नीट रोवायला गेले, आणि तळहात जरासा खाली गेला. एक अक्षर नाहीसं झालं.

त्या वेळी करंगळी आलीच नव्हती. सगळ्यांनी पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तोंड लपवावंसं वाटलं. कंपनीच्या बाईंचं पेन थांबलं.

सासूबाईंनी गेलेलं अक्षर पुन्हा मारलं. पडद्यावरची नजर न हलवता, ओठातल्या ओठात म्हणाल्या, “भिंत हलत नसते.”

मी श्वास धरला आणि भिंत झाले.

मग काहीतरी बदललं. आधी मला वाटलं, माझा हात बधिर झालाय. ठोके हलके होत चालले होते. करंगळी यायची, टेकायची, जायची. मग नुसती वरून जायची, त्वचेला वारा लागावा तशी. एक काडी झाली आणि मी मार खायला तयार होऊन बसले, तर मार आलाच नाही. पुढच्या काडीलाही नाही. मी वर पाहिलं. सासूबाईंचा चेहरा तसाच, पण खालचा ओठ त्यांनी दाताखाली घेतला होता.

शेवटचा परिच्छेद उरला होता. कंपनीच्या बाईंनी बॅग खांद्याला लावली होती.

“काढ हात,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, राहू दे ना. थोडंच आहे.”

“काढ म्हणते ना.”

मी हात काढला. बॅकस्पेस उघडं पडलं. मला इतकं उघडं कधी काही वाटलं नव्हतं. त्या परिच्छेदात काड्यांची नुसती गर्दी होती. सासूबाई सुटल्या. आकडे, सोड, अक्षर, परत. आकडे, सोड, अक्षर, परत. करंगळी दर वेळी उठायची, क्षणभर त्या कोपऱ्यावर लटकायची, विहिरीच्या काठावर वाकून बघावं तशी, आणि मागे फिरायची. एकदा ती इतकी खाली गेली की मास्तर “अहो!” म्हणाले. ती बटणाला लागली. दाबली नाही. परत आली. सासूबाईंनी शेवटचा पूर्णविराम दिला आणि दोन्ही हात एकदम वर उचलले, जणू यंत्र तापलं होतं.

छपाईच्या यंत्राने करकर करत कागद बाहेर टाकला. कंपनीच्या बाई तो उभ्यानेच वाचू लागल्या. पेनाचं टोक प्रत्येक ओळीखालून सरकत होतं. एका ठिकाणी ते थांबलं, मागे गेलं, पुन्हा तेच वाचलं. सासूबाईंनी माझी बाही धरली होती. त्यांना ते माहीत नसावं. पेन पुढे गेलं. तळाशी पोचलं. त्यांनी कागदाची घडी घालून बॅगेत टाकली.

“पहिली फ्लॉपी सोमवारी हवी,” एवढं साहेबांना सांगून त्या जेवायला गेल्या.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. “मोठ्या बाई, मानलं. खुर्ची तुमची.” मग टाचणी हाताशी नव्हती, म्हणून स्वतःच्या शर्टाच्या बटणाशी खेळत ते मला म्हणाले, “धाकट्या बाई, तुमचं मग... या महिन्यापुरतं बघू.”

मी सासूबाईंकडे पाहिलं. एक शब्द बोलतील असं वाटलं. त्यांनी यंत्र बंद केलं, त्यावर आच्छादन घातलं आणि डब्याची पिशवी उचलली.

संध्याकाळी पायऱ्या उतरताना मी पुढे, त्या मागे. माझा हात सुजला होता आणि मी तो पर्सच्या पट्ट्याखाली लपवला होता. राग असा आला होता की बोलले असते तर रडले असते.

“तुला वाटलं असेल, मी तुझ्यासाठी बोलेन,” त्या मागून म्हणाल्या.

“हो. वाटलं.”

“बोलले असते तर त्यानं दोघींना एका खुर्चीवर अर्धं अर्धं बसवलं असतं. मग चार महिन्यांनी दोघींना ढकललं असतं. तू कुठेही जाऊन टाईप करशील. मला इथून बाहेर कोण उभं करणार आहे?”

“तरी बोलायचं होतं.”

“हं,” त्या म्हणाल्या. बऱ्याच पायऱ्या तशाच गेल्या. मग, “होतं खरं.”

रस्त्यावर आल्यावर त्यांनी मला थांबवलं. “हात दाखव.”

“काही नाही झालेलं.”

“दाखव.”

हाताच्या पाठीवर मधोमध निळसर गोळा आला होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो जवळून पाहिला.

“दुखतो?”

“नाही.”

“खोटं बोलू नकोस. माझं बोट मला माहीत आहे.”

घरी पोचलो तर दार यांनीच उघडलं. दिवसभर कामात लक्ष लागलं नसावं, चेहऱ्यावर दिसत होतं. “काय झालं?” त्यांनी एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. “कोण जिंकलं?”

“गार पाणी आण,” सासूबाई म्हणाल्या. “आणि पातेलं मोठं आण.”

पातेलं टेबलावर आलं. त्यांनी माझं मनगट धरून माझा हात पाण्यात बुडवला, तो सगळा गारवा खांद्यापर्यंत चढेतोवर दाबून धरला. मग स्वतःची बाही वर केली आणि आपली करंगळीही त्याच पाण्यात सोडली. आम्ही दोघी टेबलाच्या दोन बाजूंना, एकाच पातेल्यात हात घालून बसलो. आणि हे हातात रिकामा तांब्या घेऊन तिथेच उभे राहिले, अभिनंदन कुणाचं करायचं आणि समजूत कुणाची काढायची हे न कळून.